तिसऱ्या क्लॅरिनेटला कोण ऐकतं?

पत्र

नमस्कार. माझं वय ५१. शाळेची शेवटची पाच वर्षं मी शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. पहिलं, दुसरं, तिसरं असे क्लॅरिनेटवाल्यांचे तीन गट होते आणि मी पाचही वर्षं तिसऱ्यात. नववीत असताना पहिल्या गटासाठी मी सरांपुढे वाजवून दाखवलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू आहेस तिथेच बस." शाळा संपली, क्लॅरिनेट पेटीत गेलं, ते आजतागायत पेटीतच आहे.

परवा रेडिओवर ड्वोर्झाकच्या नवव्या सिंफनीतला संथ भाग लागला. तो आम्ही वाजवायचो. मी हातातलं काम टाकून उभी राहिले. जरा वेळाने लक्षात आलं की माझी बोटं हलताहेत, पण रेडिओवरच्या सुरावटीबरोबर ती चाललेली नव्हती. ती माझ्या पार्टवर हलत होती, त्या लांबलांब धरलेल्या सुरांवर. डोळे भरून आले. मुलीला सांगायला गेले. ती व्हायोलिन शिकते, अगदी मनापासून शिकते. ती म्हणाली, "आई, तू म्हणतेस ते सूर मला तर ऐकूच येत नाहीत. आणि शाळेच्या बँडसाठी सोपं करून दिलेलं ते खरं क्लासिकल थोडंच असतं?" तिच्या मनात वाईट काही नव्हतं. पण लागलं.

त्यात आता जुन्या बँडमधल्या काही जणांनी चार महिन्यांनी एकत्र जमून वाजवायचं ठरवलंय: ड्वोर्झाक, हेंडेलचं आतषबाजीचं संगीत आणि होल्स्टचा पहिला सूट, म्हणजे सलग वाजवायच्या छोट्या रचनांची माळ. मलाही बोलावलंय. माझ्याकडे तेव्हाच्या कार्यक्रमाची एक कॅसेट आहे, ती मी कधी लावली नाही. भीती वाटते, की वाजवायला गेले तर कळेल आम्ही किती सामान्य होतो, आणि इतकी वर्षं जपलेली ही एक आठवणही हातची जाईल. जाऊ का? की आहे ते आहे तसंच राहू देऊ?

— तिसऱ्या रांगेतली

उत्तर

ताई, नमस्कार.

जा. जरूर जा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं तुम्ही निवांत वाचाल.

मीही शाळेच्या बँडमधलाच. हॉर्न वाजवायचो, दुसरा हॉर्न. म्हणजे मार्च चालू असताना ट्यूबा 'धम्' म्हणणार आणि आम्ही त्यानंतरच्या अर्ध्या मात्रेवर 'पा' म्हणणार, पानंच्या पानं. त्यामुळे तुमची बोटं कुठल्या सुरांवर हलत होती ते वाचलं आणि मी पत्र खाली ठेवून थोडा वेळ नुसता बसून राहिलो. कुठलीही मार्चची धून ऐकली की माझ्या छातीत आजही तो 'पा' उमटतो, धून उमटत नाही. हे कुणाला सांगायला जावं तर समोरचा प्रेमाने हसतो. तुम्ही ते लिहून पाठवलंत, म्हणून आधी त्याबद्दलच बोलू.

ड्वोर्झाकची ती सिंफनी १८९३च्या डिसेंबरमध्ये न्यू यॉर्कला पहिल्यांदा वाजली. तिच्या संथ भागातली ती सुप्रसिद्ध सुरावट कोर आंग्ले या वाद्यासाठी लिहिली आहे, आणि तिच्या खाली तारवाद्यं अगदी हलक्या आवाजात सूर धरून असतात. शाळेच्या बँडमध्ये कोर आंग्ले बहुधा नसतं, म्हणून ती सुरावट एखाद्या सॅक्सोफोनकडे वगैरे जाते. तारवाद्यं तर नसतातच. मग त्यांनी धरलेले सूर कोण धरणार? क्लॅरिनेटं. बँडमधल्या क्लॅरिनेटांच्या गटाला ऑर्केस्ट्रातल्या व्हायोलिनांची जागा भरावी लागते, म्हणून तर त्यांच्या रांगा इतक्या लांब असतात. तुम्ही पाच वर्षं जे केलंत ते हे. सुरावट गाणारा एकटा उभा राहू शकला, कारण त्याच्या पायाखाली तुम्ही जमीन धरून होतात.

मुलीला ते सूर ऐकू आले नाहीत, यात तिच्या कानाचा दोष नाही. मधले सूर नीट लागले की ते वेगळे ऐकू येतच नाहीत, सुरावटीतच मिसळून जातात. बेसूर लागले, तर मात्र पहिल्या मात्रेला खुपतात. तिसऱ्या क्लॅरिनेटच्या वाट्याला पुष्कळदा कॉर्डमधला मधला सूर येतो. सा, ग, प असे तीन सूर एकत्र वाजत असतील तर त्यातला ग. आता या 'ग'ची गंमत बघा. पियानोवरचा ग हा निसर्गातल्या 'ग'पेक्षा १४ सेंट चढा असतो. सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग. एवढासा फरक, पण धरलेल्या कॉर्डमध्ये तो ऐकू येतो. सूर एकमेकांवर घासल्यासारखे थरथरत राहतात. तंबोरा उत्तम लागला की न छेडलेला गांधार आपोआप बोलू लागतो ना, तो निसर्गातला ग. बँडमध्ये तो आपोआप येत नाही. मधल्या रांगेतल्या कुणीतरी जबडा केसभर सैल करून आपला सूर तिथवर उतरवावा लागतो. तुमच्या सरांनी कधीतरी हाताचा तळवा खाली दाखवत "जरा उतर, अजून जरा... हं!" असं केलं असेलच. त्या 'हं'च्या क्षणी थरथर थांबते आणि सगळी खोली एकदम मोठी झाल्यासारखी वाटते.

आमच्या तालमीच्या खोलीत तो क्षण ओळखायची एक खूण होती. कॉर्ड स्वच्छ लागली की मागे स्टँडवर ठेवलेला स्नेअर ड्रम, त्याला कुणी हात लावलेला नसताना, खालच्या तारांनी बारीक झणझणायला लागायचा. तसा तो एरवीही आवाजाने कुरकुरायचा, पण तेव्हाची त्याची झणझण सलग असायची, एका ठाय सुरातली. ड्रमवाला मुलगा घाईघाईने खटका खाली करून तारा सैल करायचा, आणि आमचे सर एकदा त्याला म्हणाले, "राहू दे, आज राहू दे." चाळीस मुलं आपापला सूर धरून बसलेली, कुणाचीही पापणी लवत नव्हती, आणि मागे तो ड्रम आपला आपण बोलत होता. मला तेव्हाचा एकही कार्यक्रम धड आठवत नाही. हे मात्र परवा झाल्यासारखं आठवतं.

तुमच्याकडे जे आहे ते या जातीचं आहे, ताई. तो वादनाच्या आत बसलेल्या माणसाचा ऐवज आहे. समोर बसून ऐकणाऱ्याला तो कधीच मिळाला नव्हता, त्यामुळे आज तुम्ही चांगलं वाजवलंत की वाईट, यावर त्याचं काही अवलंबून नाही.

आता 'खरं क्लासिकल'चं. तुमच्या मुलीचं म्हणणं निम्मं खरं आहे आणि ते मान्य करायला हवं. तुम्ही वाजवलेला ड्वोर्झाक ही मूळ रचना नव्हती. मुलांना झेपावं म्हणून बँडसाठीच्या मांडणीत बरंच काही बदलतात, अवघड जागा गाळतात, कधी पट्टीही बदलतात. पण उरलेल्या दोन रचनांबद्दल तिला हे सांगा. हेंडेलचं आतषबाजीचं संगीत २७ एप्रिल १७४९ रोजी लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये वाजलं, ते फुंकवाद्यं आणि नगारे यांच्यासाठीच लिहिलेलं होतं. राजाला त्यात व्हायोलिनं नकोच होती. हेंडेलच्या हस्तलिखितात २४ ओबो, १२ बासून, ९ ट्रंपेट आणि ९ हॉर्न मागितलेले आहेत. आज मैफलीत आपण तारवाद्यांसह जे ऐकतो, तो पुढचा भाग. म्हणजे त्या रचनेपुरता तुमचा शाळेचा बँड ऑर्केस्ट्रापेक्षा मुळाच्या जवळ होता! आणि होल्स्टचा तो सूट १९०९ साली थेट बँडसाठीच लिहिला गेला, तो सोपा करून वगैरे दिलेला नाही. होल्स्ट स्वतः त्याआधी काही वर्षं ट्राँबोन वाजवून पोट भरत असे. मागच्या रांगेत बसून ऐकलेल्या माणसाचा कान त्या सूटमध्ये पानोपानी दिसतो. त्याची सुरुवातच आठवा: पहिली सुरावट कुणाकडे आहे? ट्यूबा आणि युफोनियमकडे, एरवी ज्यांना धम् धम् करायला बसवतात त्यांच्याकडे.

राहता राहिली मांडणी करून दिलेली रचना. मोझार्टने २० जुलै १७८२ला वडिलांना पत्र लिहिलं, त्यात तो म्हणतो की आपला नवा ऑपेरा फुंकवाद्यांसाठी मांडून लवकर संपवायला हवा, नाहीतर दुसरं कुणीतरी आधी मांडेल आणि नफा घेऊन जाईल. त्या काळी व्हिएन्नामध्ये ऑपेरातली गाणी लोकांपर्यंत पोचायची ती कितीतरी वेळा अशा सहा-आठ जणांच्या फुंकवाद्यांच्या ताफ्यातूनच. ध्वनिमुद्रण यायला अजून शंभर वर्षं होती. मांडणी ही क्लासिकल संगीताची खालची पायरी कधीच नव्हती, ते संगीत माणसांच्या हाती पडायची ती वाट होती. तुमच्या हाती ते असंच पडलं. तुमच्या मुलीच्या घरात व्हायोलिन आलं, त्याला आईच्या कानात मुरलेला ड्वोर्झाक कुठेतरी कारण असेल, असं मला आपलं वाटतं.

"तू आहेस तिथेच बस" हे वाक्य तुम्ही पत्रात पटकन उरकलंय, पण ते पस्तीस वर्षं तुमच्याबरोबर आहे हे मला दिसतंय. सरांच्या मनात काय होतं हे मी सांगू शकत नाही. दोन शक्यता मात्र आहेत आणि दोन्ही तुम्ही ऐकून घ्याव्यात असं वाटतं. एक म्हणजे तेव्हा तुम्हाला वरचे सूर जमत नसतील. क्लॅरिनेट या बाबतीत निर्दय वाद्य आहे. बासरीवर त्याच बोटांनी जरा जोर दिला की तोच सूर वरच्या सप्तकात मिळतो. क्लॅरिनेट मात्र वरच्या कळेला अंगठा लागला की 'सा'वरून थेट वरच्या सप्तकातल्या 'प'वर उडी मारतं. खालच्या आणि वरच्या सुरांच्या मधल्या सांध्यावर तर एका सुराला हात जवळजवळ मोकळे असतात आणि लगेच पुढच्या सुराला सगळी भोकं एकदम बंद करावी लागतात. एक बोट केसभर सरकलं की चिरकतं. पहिल्या गटाचं सगळं आयुष्य त्या सांध्याच्या वर चालतं, तिसऱ्याचं बहुतेक खाली. जमलं नसेल तर नसेल, चौदा वर्षांच्या मुलीसाठी त्यात काही लाज नाही.

दुसरी शक्यता. जो कुणी बँड उभा करतो, त्याला एक गोष्ट फार लवकर कळते. पहिल्या गटात कच्चा वादक असला तर एक सुरावट बिघडते, पण तिसऱ्या गटात भरवशाचं कुणी नसलं तर सगळा बँड वरवरचा वाजतो, तळ नसलेल्या भांड्यासारखा. म्हणून शहाणा शिक्षक एखाददुसरं पक्कं पोर मागेच ठेवतो. ते त्या पोराला समजावून सांगायला हवं होतं, आणि तुमच्या सरांनी ते सांगितलं नाही, ही त्यांची चूकच. शिकवणाऱ्यांच्या अशा न बोललेल्या वाक्यांनी किती मुलांची वाद्यं पेटीत गेली असतील, याचा विचार केला की मला वाईट वाटतं. पण पस्तीस वर्षांनी बोटं आपल्या पार्टवर बिनचूक चालतात ती मुलगी कच्ची असणं मला अवघड वाटतं.

कॅसेटबद्दल. आमच्याही एका कार्यक्रमाची फीत माझ्याकडे होती आणि ती मी फार वर्षांनी, एकटा असताना लावली. पहिल्यांदा ऐकली तेव्हा खरंच मन बसलं. लय ढिली, ट्रंपेट चढे, आणि ज्या शेवटच्या कॉर्डने मला त्या रात्री झोप लागू दिली नव्हती ती कॉर्ड तर काहीच्या काही. दोन दिवस मी उदास होतो. तुम्ही ज्याला घाबरता आहात ते माझ्या बाबतीत घडलंय, म्हणून हे सांगायचा मला थोडा हक्क आहे. तिसऱ्या दिवशी पुन्हा लावली, आणि या वेळी अगदी पहिल्या सेकंदापासून ऐकली. टाळ्या विरतात. खुर्ची सरकते. कुणीतरी खोकतं. मग सरांच्या छडीचे स्टँडवर दोन ठोके, आणि त्यानंतर, पहिल्या सुराच्या आधी, एक आवाज येतो. पहिल्यांदा तो माझ्या लक्षातच आला नव्हता. चाळीस मुलांनी एकदम आत घेतलेला श्वास. त्यात एक माझा आहे.

तो ठोका, तो श्वास मी किती वेळा ऐकलाय आता, मोजलं नाही. पुढचं बेसूर वाजणं मला खुपेनासं झालं. आठवण गेली नाही. तिच्यात चढे ट्रंपेट तेवढे येऊन बसले, आणि ते तर तेव्हाही तिथे होतेच. तरीही तुम्हाला सांगेन, कॅसेट आत्ता लावू नका. आधी दोन-तीन तालमींना जा, स्वतःच्या फुंकेने काही सूर निघू देत, मग ऐका. पेटीतून काढलेल्या वाद्याला हात लावायच्या आधी ती ऐकलीत, तर मन मागे ओढेल.

आता वाद्याकडे वळू. चार महिने पुरेसे आहेत, पण सुरुवात या आठवड्यातच करा.

पेटी उघडलीत की लगेच जोडायला जाऊ नका. सांध्यांवरचा कॉर्क वाळून कडक झालेला असणार, जोर केला तर तुटेल. कळांखालची पॅडंही गेलेली असणार, आणि एक पॅड जरी नीट बसत नसेल तरी खालचे सूर निघतच नाहीत. मग आपल्याला वाटतं, आपल्याच्याने होत नाही. अर्ध्या लोकांचं परत वाजवणं पहिल्याच दिवशी इथे संपतं, आणि दोष बिचाऱ्या पॅडचा असतो. म्हणून वाद्य आधी दुरुस्तीवाल्याकडे. तोंडाचा भाग कोमट पाण्याने धुवा, कडकडीत पाणी नको, इबोनाइट, म्हणजे कडक रबर, असेल तर वाकतं. जुन्या रीड, म्हणजे तोंडाच्या भागाला लावायच्या वेताच्या पातळ पट्ट्या, टाकून द्या. आठवण म्हणून एखादी ठेवायची तर ठेवा, पण वाजवू नका. नव्या घ्याल त्या दोन किंवा अडीच नंबरच्याच घ्या, शाळेच्या शेवटी तुम्ही तीन वापरत असाल तरीही. तीन-चार रीड आलटून पालटून वापरा.

वाद्य लाकडी असेल तर आणखी एक काळजी. इतकी वर्षं कोरडं राहिलेलं लाकूड एकदम तासभर ओल्या, गरम श्वासाने भरलं तर त्याला चीर जाऊ शकते. पहिले दोन आठवडे रोज दहा-पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नाही, आणि दर वेळी आतून कोरडं पुसून ठेवायचं. ही मर्यादा तुमच्या ओठांसाठीही नेमकी योग्य आहे. बोटांना सगळं आठवेल, ते तुम्ही रेडिओपाशी पाहिलंतच. ओठांना आठवणार नाही. ओठांच्या कोपऱ्यांतले स्नायू पाच मिनिटांत थकतील, कडेने हवा सुटायला लागेल, खालच्या ओठाला आतून दातांचा वळ उठेल. घाबरू नका, महिन्याभरात ते बरंच सुधारतं.

रोज काय वाजवायचं? लांब सूर. बोटं न लावता निघतो त्या मोकळ्या 'जी'पासून सुरुवात करा, आठ मात्रा धरा, आठ मात्रा थांबा, मग एकेक बोट लावत खाली उतरा. तुमचा सगळा पार्ट तसाही तिथेच आहे, वाद्याच्या त्या खालच्या, पोकळ, काळसर आवाजात. मला विचाराल तर क्लॅरिनेटचा सगळ्यात सुंदर आवाज तोच. सांध्याच्या वर पहिले सहा आठवडे जाऊच नका. आणि उजव्या अंगठ्याला सांभाळा. वाद्याचं जवळजवळ पाऊण किलो वजन त्या एकाच अंगठ्यावर असतं, तिथला शाळेतला घट्टा केव्हाच गेला असेल. गळ्यात अडकवायचा पट्टा मिळतो, तो वापरा. पन्नाशीत सांध्यांशी मुद्दाम भांडण कशाला?

दोन-तीन आठवडे झाले की मुलीला हाक मारा. वाद घालायला नको, एक मदत मागायला. तिला म्हणावं, व्हायोलिनच्या 'जी' आणि 'डी' या दोन मोकळ्या तारा एकदम वाजव, लांब गज, सावकाश. तुम्ही त्या दोन सुरांच्या मध्ये बसणारा 'बी' धरायचा. तुमचं क्लॅरिनेट 'बी फ्लॅट'चं, लिहिलेल्यापेक्षा एक सूर खाली वाजणारं, म्हणजे तुमच्या बोटांसाठी तो 'सी शार्प': डावा अंगठा, डाव्या हाताची तीन बोटं आणि करंगळीची कळ. पहिल्यांदा तो बहुधा चढाच लागेल आणि मध्येच काहीतरी थरथरत राहील. मग जबडा सैल करा, थोडा, अजून थोडा. तिने गज थांबवायचा नाही. थरथर मंदावत मंदावत थांबली की तिला काही सांगू नका. ती स्वतः व्हायोलिन शिकते आहे, तिच्या कानाला ते कळेल, आणि मला वाटतं ती तुमच्याकडे बघेल. नंतर तिला म्हणा, आता मी थांबते, तू तशीच वाजवत राहा. तुमचा सूर गेला की काय जातं, ते तिने एकदा ऐकावं.

जमायच्या दिवसाबद्दल थोडं. पस्तीस वर्षांनी लोक प्रेमाने आग्रह करतात. कुणीतरी नक्की म्हणेल की या वेळी तू पहिल्या रांगेत बस. नको म्हणा. पुढे कधी वाटलं तर जरूर बसा, तेवढे दिवस आहेत. या वेळी तिसरा पार्ट मागा, कारण तो तुमच्या बोटांत आहे. तुमच्या शेजारी जो कुणी नवखा किंवा विसरलेला बसेल, त्याला तुमच्या सुराचा आधार लागेल. थंड वाद्य उतरलेलं असतं, फुंकून गरम झालं की चढतं. सूर लावताना पहिल्याच सुरावर घाबरून जाऊ नका, आधी पाच मिनिटं वाजवून घ्या, मग जुळवा. दम लागला तर लांब सुराच्या मध्ये श्वास घ्यायला हरकत नाही, फक्त शेजारच्याशी ठरवून घ्या, दोघांनी एकदम घेऊ नका. शाळेत हे कुणी शिकवलं होतं की नाही कोण जाणे, पण मधल्या रांगांचं ते जुनं कसब आहे. एकाच्या श्वासाची जागा दुसऱ्याने भरायची, ऐकणाऱ्याला सूर अखंड वाटला पाहिजे.

आणि पेटीच्या झाकणातल्या कप्प्यात बघा, तुमचे जुने कागद अजून तिथे असण्याची शक्यता आहे. असले तर ते घेऊन जा, नवे छापलेले मिळाले तरी. त्यावर पेन्सिलीच्या खुणा असतील: श्वासाचे स्वल्पविराम, गोल केलेला एखादा फ्लॅट, आणि कुठेतरी चष्म्याचं छोटं चित्र, म्हणजे इथे सरांकडे बघ. त्या खुणा चौदा वर्षांच्या मुलीने तुमच्यासाठी करून ठेवल्या आहेत. जाताना टोक केलेली एक पेन्सिलही बरोबर असू द्या. तेव्हा जिथे एका श्वासात जमायचं तिथे आता दोन लागतील, तर दुसरा स्वल्पविराम तिच्या स्वल्पविरामाच्या शेजारी काढा.